मिक्स ४ ते मिक्स ११ : नाचाच्या एका गाण्याच्या प्रकल्प नोंदी

३ मे

मिक्स ४ एक्सपोर्ट केला. १२४ बीपीएम (मिनिटाला १२४ ठोके), १२८ बार (एका बारात चार ठोके), म्हणजे चार मिनिटं आठ सेकंद. पट्टी पांढरी पाच. चाल आणि शब्द माझे, आवाज ताईचा. बाकी लॅपटॉप, एक मिडी कीबोर्ड आणि दोन पाच इंची स्पीकर. प्रत्येक ठोक्यावर किक (ड्रमचा जड ठोका), दुसऱ्या-चौथ्यावर क्लॅप, मधल्या जागांवर हायहॅट (ड्रमच्या झांजा). डिस्कोच्या जमान्यापासून नाचाची गाणी याच पायावर उभी आहेत, तेव्हा इथे हुशारी दाखवायची नाही हे आधीच ठरवलं होतं.

मला स्वतःला काय वाटतं ते आजच लिहून ठेवते, कारण लोकांचं ऐकून मत बदललं की आधीचं मत आठवत नाही. किक छान. मुखडा कानात बसतो. बेसच्या ओळीत मात्र काहीतरी खुपतंय. सा, कोमल ग, म आणि वरचा कोमल नि अशी ती फिरते, आणि सा आला की पायाखालची जमीनच सरकते. गेल्या तीन मिक्समध्ये तो सा वाढवतच आलेय. आत्ता बाकीच्या स्वरांपेक्षा साडेपाच डेसिबलनं वर आहे. तरी कमीच वाटतो.

सात जणांना पाठवला. सोबत लिहिलं, "घरीच केलंय, अजून पूर्ण नाही, ताईचा घसा जरा बसला होता, कसं वाटलं ते सांगा."

५ मे

उत्तरं आली. "मस्त." "भारी झालंय गं." अंगठा. अंगठा. "ताईंचा आवाज काय गोड आहे!" उरलेली दोन अशी:

मावसभाऊ: "बेस फार होतोय. गाडीचे दरवाजे थरथरले."

भाची: "मावशी, यात बेस आहे का?"

फाइल एकच. पहिला विचार हा की दोघांपैकी एकाचे कान तपासून घ्यायला हवेत. दुसरा विचार रात्री आला आणि तो बरा होता: चूक माझ्या प्रश्नात आहे. "कसं वाटलं" असं विचारलं की माणूस नात्याला जागून उत्तर देतो. शिवाय ताईचा घसा मीच आधी सांगून टाकला, त्यामुळे आवाजाबद्दल कुणी अवाक्षर काढणार नाही, उलट गोडच म्हणणार. पाठवताना जी सफाई दिली ती माझ्याच अंगाशी आली.

६ मे

तोच मिक्स परत पाठवला. या वेळी सफाई नाही, गाण्याचं वर्णन नाही. तीनच प्रश्न. कशावर ऐकलं? लक्ष कुठे उडालं, मिनिट-सेकंद सांगा. आणि कुठला शब्द कळला नाही? "आवडलं का" हे मुद्दाम विचारलं नाही.

दोन नवीन कानही जोडले. एक मित्र, जो वीस वर्षं ड्रम वाजवतोय आणि कुणाचंच चांगलं म्हणत नाही. दुसरी, नाच शिकवणारी मैत्रीण.

१० मे

आता उत्तरांना काहीतरी आकार आला. "कशावर ऐकलं" या एका प्रश्नानं निम्मं भांडण मिटवलं. भाचीनं फोनच्या स्पीकरवर ऐकलं. फोनचा एवढासा स्पीकर दोन-अडीचशे हर्ट्झच्या खाली जवळपास काही देतच नाही, आणि माझ्या बेसचा सा ४९ हर्ट्झवर आहे. तिला तो ऐकू येणार कसा? मावसभावाची गाडी म्हणजे चाकांवरचा बंद डबा, तिथे खालचे सूर फुगतात. म्हणजे दोघंही खरं बोलत होते. तरीही एक गोष्ट पटत नाही: गाडीत सगळीच गाणी फुगायला हवीत. त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाकीची नाही थरथरवत. तुझंच."

लक्ष कुठे उडालं? सातांपैकी चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच जागा दाखवली: २:१५ ते २:२०. तिथे दुसरा ब्रेक आहे. किक थांबते, पॅड (सिंथचे लांब धरलेले स्वर) आणि ताईचा आलाप चढत जातो. उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा. एक म्हणे आवाज वाढव, एक म्हणे तिथे ढोल घाल, एक म्हणे वेग १२८ कर, आणि एकानं तर रॅप घालायला सांगितलं. चौघांचं दुखणं एकच आहे म्हटल्यावर ते खरं धरायचं. औषध मात्र त्यांच्याकडून घ्यायचं नाही.

न कळलेले शब्द: दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ पाच जणांना कळली नाही. मला ती कळते, कारण ती मी लिहिली आहे.

नाच शिकवणाऱ्या मैत्रिणीनं तिन्ही प्रश्न बाजूला ठेवून एकच ओळ पाठवली: "गाणं चांगलंय. नाचावंसं वाटत नाही."

ही ओळ तीनदा वाचली. मग लॅपटॉप बंद केला.

११ मे

ड्रमवाला मित्र घरी आला. समोरासमोर ऐकायचं म्हणाला. मी नेहमीप्रमाणे टेबलापाशी खुर्चीत, तो मागच्या भिंतीला टेकून पलंगावर. गाणं लावलं. मुखड्याच्या दुसऱ्या ओळीलाच त्यानं हात वर केला.

"अगं, केवढा हा बेस! कमी कर."

"कुठाय? उलट सा कमी पडतोय म्हणून मी तीन आठवडे तोच वाढवतेय."

"तू इकडे ये."

उठून पलंगावर बसले. तो खुर्चीत. परत सुरुवातीपासून लावलं. आणि पाठीमागून कुणीतरी गादी उचलून धरल्यासारखा तो सा अंगावर आला. कोमल ग आणि म आपापल्या जागी, पण सा आला की भिंतीला टेकलेली पाठ गुणगुणायची. तिकडे खुर्चीत बसलेला मित्र मान वाकडी करून म्हणाला, "इथे नाहीच की गं. गेला कुठे?"

मग पुढचा अर्धा तास आम्ही संगीतखुर्ची खेळलो. खोलीच्या मध्यावर सा गायब, दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी सा दणदणीत. दाराच्या कोपऱ्यात तर असह्य. मित्र जाताना म्हणाला, "गाण्याचं नंतर बघू. आधी खुर्ची हलव."

१२ मे

काल जे झालं ते आज मोजलं.

खोलीची लांबी ३.४ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लाट नेमकी बसते तो सूर त्या खोलीत घुमतो: ३४३ भागिले दुप्पट लांबी, म्हणजे ६.८, उत्तर ५०.४ हर्ट्झ. अशा घुमणाऱ्या लाटेचा दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर सगळ्यात कमी असतो. माझा सा ४९ हर्ट्झ. आणि माझं डोकं? टेप लावून बघितलं, समोरच्या भिंतीपासून १.७ मीटर. बरोबर मध्य. टेबल भिंतीपासून पुढे ओढलं होतं, कारण स्पीकर भिंतीला चिकटवू नयेत असं वाचलं होतं. एक शहाणपण करायला गेले आणि दुसऱ्या खड्ड्यात जाऊन बसले.

पन्नास हर्ट्झचा सरळ टोन लावला, गाण्याचा माइक हातात धरला आणि खोलीभर फिरले. खुर्चीच्या जागेत आणि मागच्या भिंतीपाशी साधारण १४ डेसिबलचा फरक. पाच इंची स्पीकर पन्नासच्या आसपास तसेही दमायला लागतात, त्यात हा खड्डा. कोमल ग ५८ वर, म ६५ वर, नि ८७ वर. ते खड्ड्याच्या काठावर किंवा बाहेर. म्हणून ओळीतला एकच स्वर हरवत होता, आणि मी तो शोधत शोधत जगभरच्या गाड्यांचे दरवाजे हलवत होते.

भिंतींवर गेल्या वर्षी चिकटवलेले फोमचे चौकोन आहेत. टाळी वाजवल्यावर येणारा खणखणाट त्यांनी कमी केला, हे खरं. पण पन्नास हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. पाच सेंटीमीटरच्या फोमला ती दिसतसुद्धा नाही.

नाचता येईना अंगण वाकडे, असं म्हणतात. आमचं अंगण खरंच वाकडं निघालं. (मैत्रिणीची ती ओळ अजून तशीच आहे, हेही इथे लिहून ठेवते. अंगण सरळ झालं म्हणून नाचता येईलच असं नाही.)

१३ मे

खुर्ची समोरच्या भिंतीपासून १.३ मीटरवर आणली. लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून बघा, असा एक ढोबळ आडाखा स्टुडिओवाले वापरतात. सुरुवात करायला बरा आहे. टेबल मागे सरकलं. खिडकी आता अर्धीच उघडते. असो.

मिक्स ४ लावला आणि स्वतःचीच लाज वाटली. सा एखाद्या पाहुण्यासारखा सगळी खोली व्यापून बसलेला.

१७ मे

मिक्स ५ आणि ६. सगळं काम तळाचं.

सा साडेपाच डेसिबलनं वर होता तो पाच डेसिबल खाली आणला. मग लक्षात आलं की किकचा गाभाही पन्नासच्या आसपासच आहे. एकाच जागेवर दोघं बसायला बघतायत. किक वाजली की बेस सहा डेसिबल दबेल असं साइडचेन लावलं. यात परत येण्याचा वेळ महत्त्वाचा. १२४ च्या वेगात एक ठोका ४८४ मिलिसेकंदांचा, अर्धा ठोका २४२ चा. बेस अर्ध्या ठोक्याच्या आत पूर्ण वर आला पाहिजे, नाहीतर मधली उसळी मरते. आधी ३०० ठेवलं होतं, गाणं दमा लागल्यासारखं वाटत होतं. १६० वर आणलं आणि पहिल्यांदाच बेस किकच्या पाठोपाठ चेंडूसारखा उडाला.

मग भाचीचा फोन. फोनला ४९ हर्ट्झ देता येणार नाहीत, हे मान्य. पण बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज मुद्दाम किंचित बिघडवणं) घातलं की त्याच स्वराचे वरचे पट तयार होतात: ९८, १४७, १९६, २४५ असे पुढे. त्यातले दोन-अडीचशेच्या वरचे फोन देतो, आणि त्यावरून खालचा मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो. कानाची ही खोड मला फार आवडते. स्पीकर देत नाही तो सूर आपण ऐकतो आणि शपथेवर सांगतो की ऐकला.

आणखी एक गाढवपणा सापडला. मी काम करते रात्री अकरानंतर, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात. हळू आवाजात कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवलेत. म्हणजे एक खड्डा खोलीचा आणि दुसरा घड्याळाचा. आता खालच्या सुरांचे निर्णय फक्त दिवसा, बोलण्याच्या आवाजापेक्षा थोड्या वरच्या पातळीवर घ्यायचे. रात्री शब्द कापणं, फाइलींना नावं देणं अशी कामं.

१८ मे

भाचीला मिक्स ६ फोनवर ऐकवला. "आला बेस!" मग लगेच, "पण मावशी, ती टिंगटिंग धून कुठे गेली? हेडफोनवर तर मोठी होती."

सिंथची धून रुंद वाटावी म्हणून तिची एक नक्कल १२ मिलिसेकंद मागे ठेवून उजवीकडे टाकली होती. डाव्या-उजव्या कानात ती ऐसपैस पसरते. पण तिच्या फोनचा स्पीकर एकच. तिथे दोन्ही बाजू एकत्र होतात, आणि मूळ आवाज नि त्याची उशिरा आलेली नक्कल काही सुरांवर एकमेकांना खाऊन टाकतात. १२ मिलिसेकंदांच्या फरकात ४२ हर्ट्झपासून दर ८३ हर्ट्झवर एक असे खड्डे पडतात. कंगव्याचे दातच. मिक्स मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐकायचं बटण माझ्यासमोरच होतं, तीन महिन्यांत एकदाही दाबलं नव्हतं.

नक्कल काढली. तीच धून कीबोर्डवर दुसऱ्यांदा वाजवली आणि ती उजवीकडे ठेवली. दोन वेळा वाजवलेलं कधीच तंतोतंत सारखं येत नाही, त्यामुळे एकमेकांना खायचा प्रश्नही तेवढा उरत नाही. शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो केलं.

२४ मे

ताईचा दिवस. दुसरा अंतरा परत रेकॉर्ड करायचा म्हटल्यावर तिनं आधी मला मिक्स ऐकवायला लावला आणि स्पष्ट सांगितलं, "माझा आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय. तेव्हाच म्हणणार होते, पण तू घशाचं निमित्त सगळ्यांना सांगून मोकळी झालीस."

बरोबर बोलली. मागच्या वेळी तिला कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गायला लावलं होतं. कपडे वरचे सूर शोषतात, पण तीनशे ते पाचशे हर्ट्झचा भाग त्या छोट्या पोकळीत तसाच साचून राहतो. हाच तो डबा. ईक्यूनं (ठरावीक सूर कमी-जास्त करायचं साधन) चारशे हर्ट्झला तीन डेसिबल कापून बघितले होते. डबा थोडा मोठा झाला, गेला नाही.

या वेळी ती खोलीत उभी राहिली, बरोबर मध्यावर नाही (हे आता पाठ झालंय), आणि जाड रजई तिच्या पाठीमागे दोरीवर टांगली. माइकच्या मागे नाही. आमचा माइक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं सोडून देतो, तेव्हा त्याच्या समोर काय आहे ते महत्त्वाचं: ताई, आणि तिच्या मागची भिंत.

पहिल्या दोन टेकमध्ये ती ठेक्याच्या मागे पडत होती. ताई कधीच मागे पडत नाही. ती वैतागली, "अगं, मला माझाच आवाज उशिरा येतोय." बफर (लॅपटॉप आवाज थोडा साठवून मग पुढे देतो तो साठा) ५१२ वर राहिला होता. ४८ किलोहर्ट्झला ५१२ नमुने म्हणजे आत जाताना साडेदहा मिलिसेकंद, बाहेर येताना तेवढेच, वर यंत्राचा स्वतःचा वेळ. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज वीस-पंचवीस मिलिसेकंद उशिरा आला की भलेभले अडखळतात. १२८ वर आणला. तिसऱ्या टेकला अंतरा हातात.

न कळणारी ओळ शेवटी शब्दांमुळेच कळत नव्हती, मिक्समुळे नाही. मी सोळाव्या मात्रांवर (एका ठोक्याच्या पाव-पाव भागांवर) तीन जोडाक्षरं ओळीनं ठेवली होती. ताईनं गाता गाताच ती सोडवली: एक शब्द काढला, एक लांबवला. मला विचारलंसुद्धा नाही. ओळ आता आधीपेक्षा साधी आहे आणि ऐकू येते. तिच्या "श" आणि "स" ची शीळ सहा-सात किलोहर्ट्झला लागते, तिथे हलका डी-एसर ठेवला. जास्त लावला की ती बोबडी वाटते, आणि मग माझी काही खैर नाही.

२५ मे

दुसरा ब्रेक. १६ बार, म्हणजे ३१ सेकंद किकशिवाय. नाचणाऱ्याला अर्धा मिनिट हवेत ठेवायचं तर खाली पडताना काहीतरी मोठं द्यावं लागतं, आणि माझ्याकडे पुढे परत तोच मुखडा. आठ बार कापले. आलापाचा सुंदर भाग त्यात गेला. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आहे, पण मला ठाऊक आहे की ती फाइल मी परत उघडणार नाही. गाणं आता ३:५२.

ढोल, रॅप, १२८ चा वेग: काहीच केलं नाही.

३० मे

मिक्स ८ घेऊन ड्रमवाल्या मित्राकडे गेले आणि मैत्रिणीची ओळ वाचून दाखवली. तो हसला. "ती बरोबर बोलतेय. मी अकरा तारखेलाच सांगणार होतो, पण तुझ्या खोलीनं वेळ खाल्ला."

मग त्यानं हायहॅट एकटा लावला आणि टेबलावर बोटांनी सोबत वाजवायला लागला. दोनच मिनिटांत फरक माझ्या कानात शिरला. माझा हायहॅट शिलाई मशीनसारखा: प्रत्येक सोळावी मात्रा मोजून १२१ मिलिसेकंदांवर, प्रत्येक ठोका सारख्याच जोरानं. त्याच्या बोटांतला प्रत्येक दुसरा ठोका किंचित रेंगाळून येत होता आणि हलकाही होता. "ठेक्यात झोल नाही तुझ्या," तो म्हणाला. "माणूस सरळ रेषेवर चालतो, नाचत नाही."

ही झोल यंत्रात आणायची सोय जुनी आहे. १९८० मध्ये आलेल्या लिनच्या एलएम-१ ड्रम मशीनवरही होती. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ती एका टक्क्याच्या आकड्यात लपलेली असते. ५० म्हणजे सरळ. आम्ही ५४, ५६, ५८ असं करत गेलो. ५८ ला गाणं लंगडायला लागलं. ५६ ला मित्राची मान हलली. त्याचं त्याला कळलं नाही, मी बघितलं. ५६ म्हणजे दुसरी मात्रा साधारण साडेचौदा मिलिसेकंद उशिरा. तीन महिने मी रिव्हर्ब आणि कॉम्प्रेसर धुंडाळत होते, आणि घोडं अडलं होतं ते साडेचौदा मिलिसेकंदांपाशी.

प्रत्येक दुसऱ्या हॅटचा जोर तीस टक्क्यांनी कमी केला. क्लॅप अगदी किंचित मागे ढकलला. किक जागची हलवली नाही. कुणीतरी एकानं तरी सरळ उभं राहायला हवं.

१ जून

मिक्स ९. मावसभाऊ: "आता बेस झकास. पण बाकीच्या गाण्यांपेक्षा बारीक वाजतंय."

बरोबर, −१३ एलयूएफएसवर होतं (गाणं कानाला किती मोठं लागतं त्याचं माप, शून्याच्या जवळ तेवढं मोठं). लिमिटर, म्हणजे शिखरं दाबणारं साधन, लावून −७ पर्यंत नेलं. ताबडतोब भारी वाटलं. मग दोन्ही आवृत्त्या कानाला सारख्याच जोरानं लागतील अशा पातळीवर आणल्या आणि डोळे मिटून आलटून पालटून ऐकल्या. −७ वाली किक पुठ्ठ्यावर थापटल्यासारखी. जरा मोठं वाजलेलं काहीही चांगलंच वाटतं, म्हणून पातळी सारखी केल्याशिवाय तुलना करायची नाही. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी मुळात गाणी −१४ च्या आसपास आणूनच ऐकवतात. तिथे माझं −७ खाली ओढलं जाणार, आणि पुठ्ठा तेवढा माझ्याकडे राहणार. −९ वर थांबले. शिखर −१ च्या वर जाणार नाही असं बांधून टाकलं, एमपी३ करताना ते थोडं उसळतं म्हणून.

७ जून

भाचीच्या मैत्रिणी आल्या होत्या. गाणं कुणाचं ते सांगू नकोस, इतर चार गाण्यांच्या मध्ये लाव, एवढंच भाचीला बजावलं. मी दाराआड, हातात वही आणि घड्याळ.

०:१५ पर्यंत सगळ्या बोलतायत. मुखडा आला, एकीचा पाय हलायला लागला. ०:५० ला दोघी उभ्या. पहिल्या ब्रेकला सगळ्यांचे हात वर, किक परतली तशा उड्या. इथे माझ्याच पोटात गोळा आला, कारण पुढे २:०४.

दुसरा ब्रेक. एकीनं फोन काढला. दुसरी पाणी प्यायला निघाली. आठ बार, साडेपंधरा सेकंद. पाणी प्यायला निघालेली दारापाशी, म्हणजे माझ्यापासून दोन हातांवर पोचली आणि तेवढ्यात किक पडली. ती तिथल्या तिथे वळली आणि परत गेली. पाणी राहिलं.

फोनवाली मात्र फोनमध्येच राहिली. २:३१ ला वर बघितलं तिनं.

वहीत इतकंच लिहिलंय: "४ पैकी ३. ब्रेकचे शेवटचे दोन बार अजून रिकामे." संध्याकाळी त्या दोन बारांत क्लॅपचा चढता रोल घातला. मिक्स १०. रात्री ताईनं ऐकून आलाप अर्धा डेसिबल वर मागितला, दिला. मिक्स ११.

९ जून

मिक्स ११ नाच शिकवणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही.

१२ जून

तीन दिवस काही नाही. मी फोन उलटा ठेवून बघितला, सुलटा ठेवून बघितला.

आज दुपारी तिचा निरोप आला: "सुरुवातीच्या पॅडमध्ये मोजायला काहीच नाही, मुलं चुकतात. पुढे दोन आठ काउंट नुसता ठेका जोडून दे. आणि ११८ वर करून मिळेल का? माझी ही बॅच लहान आहे, १२४ ला त्यांचे पाय पोचत नाहीत. शनिवारपर्यंत हवं."

दोन आठ काउंट म्हणजे चार बार, ते पाच मिनिटांचं काम. ११८ चं तसं नाही. किक, बेस, हॅट सगळं मिडीवर आहे, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज नाही, नुसत्या वाजवायच्या सूचना, ते आपोआप सावकाश होईल. पण गाणं जवळपास पाच टक्के ताणलं की ताईचा आवाज लांब स्वरांवर थरथरायला लागतो. आत्ता करून बघितलं. मुखडा चालून जाईल, दुसरा अंतरा नाही चालत. तो ११८ वर परत गाऊन घ्यावा लागणार.

रजई अजून दोरीवरच आहे. ताईला अजून सांगितलेलं नाही.